म्यूट केलेला पखवाज गळ्याच्या ट्रॅकवर का वाजतो? घरच्या रेकॉर्डिंगमधली गळती शोधणं आणि बुजवणं

श्रावणातली रात्र होती. कौलांवरचा पाऊस जरा थांबला तेवढ्यात बुवांचा अभंग घेऊन टाकला. पखवाज आणि झांज आदल्या आठवड्यातच झाले होते. बुवांनी ते हेडफोनवर ऐकत गायलं. नंतर नुसता गळा ऐकावा म्हणून पखवाज म्यूट केला, तरी मागे पखवाज वाजतच होता. बारीक, पण बोल न् बोल कळावा असा. बुवा म्हणाले, ‘‘रे, पखवाज बंद केलंस मा? मग ह्यो आवाज खयसून येता?’’

खरा प्रश्न तोच. खयसून येता, हे आधी शोधायचं. मी त्या रात्री ते शोधलं नाही. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज दाबणारा इफेक्ट) लावला, इक्वलायझर फिरवला, आणि दोन तासांनी पखवाज थोडा कमी झाला, पण बुवांच्या प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर खाल्लं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं की मागून आणलेल्या मिक्सरवर कॉम्प्युटरकडून परत येणाऱ्या आवाजाचा फेडर (पातळीची सरकती दांडी) थोडासा वर राहिला होता. तो खाली केला आणि गळती संपली. टेक मात्र पुन्हा घ्यावा लागला, आणि पहिल्या टेकमधला बुवांचा लागलेला स्वर काही परत आला नाही.

एका ट्रॅकचा आवाज दुसऱ्या ट्रॅकवर उतरतो, त्याला रेकॉर्डिंगवाले ब्लीड किंवा लीकेज म्हणतात. घरच्या सेटअपमध्ये त्याच्या तीनच वाटा असतात. एक, कॉम्प्युटर किंवा मिक्सरच्या आतून. दोन, वायरीतून. तीन, हवेतून, म्हणजे हेडफोनमधून किंवा शेजारी बसलेल्या वादकाकडून माईकमध्ये. तिन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, म्हणून वाट कळल्याशिवाय एकाही इफेक्टला हात लावू नका.

आधी वाट ओळखा

दहा मिनिटांचं काम आहे, पण क्रम मोडू नका.

कंडेन्सर माईक (ज्याला बाहेरून वीज लागते तो) असेल तर आधी त्याचा ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे ती वीज, बंद करा, मग माईकची वायर इंटरफेसमधून (माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यातून) काढा. नवा ट्रॅक रेकॉर्डला लावा, जुने ट्रॅक नेहमीच्या आवाजात चालू ठेवा आणि अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मग तो तुकडा चांगला ३०-४० डेसिबलने वाढवून ऐका. नुसती सुरसुर आली तर ठीक. गाणं ऐकू आलं तर वाट आतली आहे, कारण माईकच जोडलेला नव्हता. लॅपटॉपच्या जॅकमध्ये हेडसेट लावून काम करत असाल तर इथे एक फसगत होते: हेडसेट काढला की लॅपटॉपचा आतला माईक आपसूक चालू होतो आणि तो खोलीतलं सगळं घेतो. इनपुटच्या यादीत नेमकं कोणतं उपकरण निवडलेलं आहे, ते बघून घ्या.

पहिल्या चाचणीत काही आलं नाही तर माईक परत जोडा. हेडफोन जोडलेलेच ठेवा, पण डोक्यावर नकोत. जाड गोधडीत नीट गुंडाळा आणि वायर पुरेल तितके माईकपासून लांब, जमलं तर दाराआड ठेवा. पुन्हा अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. आताही गाणं तितकंच आलं तर ते वायरीतून झिरपतंय. गेलं, तर हवेतून येत होतं.

आतली वाट

ही वाट सगळ्यात जास्त लोकांना छळते आणि सगळ्यात लवकर बंद होते.

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधून साउंड उघडा, रेकॉर्डिंगच्या पानावर जा. तिथे ‘स्टिरिओ मिक्स’ नावाचं उपकरण दिसलं तर त्यावर उजवी क्लिक करून ते डिसेबल करा. स्पीकरमधून जे जे वाजतं ते सगळं रेकॉर्ड करणं हेच त्याचं काम. ऑनलाइन भाषण उतरवून घ्यायला ते बरं, ट्रॅकवर ट्रॅक चढवायला घातक. मग तुमच्या माईकवर डबल क्लिक करून ‘लिसन’चं पान उघडा आणि ‘लिसन टू धिस डिव्हाइस’समोरची टिक काढा. ती असेल तर माईकचा आवाज उशिराने स्पीकरमधून परत वाजतो आणि माईकमध्ये पुन्हा शिरतो.

रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ऑडिओ सेटअपमध्ये रेकॉर्डिंग डिव्हाइस तपासा. होस्ट ‘विंडोज वासापी’ असेल तर त्या यादीत तुमच्या स्पीकरचंच नाव ‘लूपबॅक’ या शेपटीसह दिसतं. ते चुकून निवडलं गेलं की पखवाजच काय, मध्येच वाजलेली मेसेजची टिंगसुद्धा अभंगात येते. ट्रान्सपोर्ट ऑप्शन्समध्ये ओव्हरडब चालूच राहू द्या, नाहीतर जुने ट्रॅक ऐकूच येणार नाहीत. त्याच यादीतलं इनपुट मॉनिटरिंग, जुन्या आवृत्तीत ज्याला सॉफ्टवेअर प्लेथ्रू म्हणत, ते मात्र बंद ठेवा.

रीपर या सॉफ्टवेअरमध्ये वेगळाच खड्डा आहे. ट्रॅकच्या लाल बटणावर उजवी क्लिक केली की ‘रेकॉर्ड: इनपुट’ आणि ‘रेकॉर्ड: आउटपुट’ असे प्रकार दिसतात. इनपुट हवं. आउटपुट निवडलेलं असेल आणि तो ट्रॅक फोल्डरचा वरचा ट्रॅक असेल, तर खालच्या सगळ्या ट्रॅकचा आवाज त्यात ओतला जातो. दोन ट्रॅकना एकच इनपुट दिलं असेल तर दोन्हींवर हुबेहूब तेच रेकॉर्ड होतं. ही गळती नव्हे, पण पहिल्यांदा बघणाऱ्याला तशीच वाटते. प्रत्येक ट्रॅकचा इनपुट नंबर वाचा आणि नको असलेल्या ट्रॅकचं लाल बटण बंद करा.

इंटरफेसवर किंवा त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लूपबॅक’ (कॉम्प्युटरवर वाजणारं परत रेकॉर्डिंगमध्ये पाठवणारी सोय) आहे का ते बघा. लाइव्ह करणाऱ्यांसाठी ती असते. ट्रॅक करताना बंद ठेवायची.

यूएसबी मिक्सर असेल तर नीट समजून घ्या. साधा मिक्सर कॉम्प्युटरला मेन मिक्स, म्हणजे सगळ्या चॅनेलचा एकत्र आवाज, पाठवतो. कॉम्प्युटरकडून परत आलेला आवाज एखाद्या चॅनेलवर किंवा ‘२-ट्रॅक’वर येतो. तो तुम्ही मेनमध्ये सोडला की तोच पुन्हा कॉम्प्युटरकडे जातो. परतीचा आवाज फक्त हेडफोन किंवा कंट्रोल रूमकडे पाठवायचं बटण शोधा. तसं बटणच नसेल तर हेडफोन मिक्सरला न लावता सरळ लॅपटॉपला लावा आणि सॉफ्टवेअरमध्ये प्लेबॅकसाठी लॅपटॉपचं कार्ड निवडा. माझ्या त्या रात्रीच्या टेकला नडलं ते हेच.

वायरीतली गळती

लॅपटॉपला आता एकच जॅक असतो, त्यातच ऐकायचं आणि त्यातच बोलायचं. त्या चार कड्यांच्या पिनमध्ये माईक आणि इअरफोन यांची ग्राउंडची वायर सामायिक असते. इअरफोनकडे जाणारा प्रवाह त्याच वायरीतून परत येतो, वायरीला थोडा रोध असतो, आणि त्यामुळे गाण्याची बारीक सावली माईकच्या सिग्नलवर पडते. त्यात रिअलटेकच्या (लॅपटॉपच्या साउंड कार्डच्या) सेटिंगमध्ये मायक्रोफोन बूस्ट +२० किंवा +३० डेसिबलवर असेल तर सावलीही तितकीच वाढते.

तात्पुरता इलाज: हेडफोनचा आवाज उतरवा, बूस्ट शून्य किंवा +१० वर आणा, माईक तोंडाजवळ घ्या. कायमचा इलाज: ऐकायचा आणि बोलायचा रस्ता वेगळा करा. दोन इनपुटचा साधा यूएसबी इंटरफेस असला की हा त्रास मुळातच जातो. ब्लूटूथ हेडफोनच्या वाटेला जाऊ नका. त्यात आवाज उशिरा पोचतो, आणि त्याचाच माईक वापरलात तर दर्जा फोनवरच्या बोलण्यासारखा होतो.

हेडफोनमधून माईकमध्ये

भजनी मंडळीला हेडफोन घालून गायची सवय नसते. दोन मिनिटांत एक कान बाहेर निघतो, आणि त्या मोकळ्या कपातून पखवाज थेट माईकवर बरसतो. त्यांचं म्हणणंही खोटं नाही. दोन्ही कान झाकले की आपलाच गळा परका वाटतो आणि सूर हलतो. म्हणून मी एक कान उघडा ठेवू देतो, पण सॉफ्टवेअरमध्ये हेडफोनचा पॅन (डाव्या-उजव्या कानातली विभागणी) झाकलेल्या कानाकडे पूर्ण वळवतो. उघड्या बाजूच्या कपात मग आवाजच नसतो. रिकामा कप डोक्याला टेकवून ठेवायचा.

हेडफोन बंद पाठीचे हवेत, कान पूर्ण झाकणारे. सोनीचा एमडीआर-७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स हे त्या जातीतले. गाणी ऐकायला उघड्या पाठीचे गोड लागतात, पण रेकॉर्डिंगमध्ये ते लहान स्पीकरच ठरतात.

मग हेडफोनवर काय वाजवायचं ते ठरवा. झांज आणि मेट्रोनोमची टिकटिक सगळ्यात आधी गळते, कारण टोकदार आवाज फटीतून सहज निसटतो. गळा घेताना झांज हेडफोनमधून काढूनच टाका. पखवाज आणि पेटी एवढ्यावर बुवांना ताल-सूर दोन्ही मिळतात. टिकटिक लागतच असेल तर तिच्या जागी बोथट आवाज घ्या, लाकडी ठोक्यासारखा. ओळ संपून आवाज विरत जातो तिथे टिकटिक सरळ म्यूट करा, कारण ती उघडी पडते ती तिथेच.

आणि आवाज कमी ठेवा. गायक ‘अजून वाढव’ म्हणाला तर पखवाज वाढवण्याऐवजी आधी त्याचा स्वतःचा गळा हेडफोनमध्ये वाढवून बघा. बहुतेक वेळा त्याला तेच हवं असतं.

सगळे एकत्र बसले की

आता खरा अवघड भाग. आमच्याकडे भजन एकेक ट्रॅक करून खुलत नाही. डबलबारीला (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला) बसणारी माणसं एकमेकांच्या डोळ्यांकडे बघून वाजवतात. गजराला लय चढते ती कोणाच्या टिकटिकीने नव्हे. म्हणून मी शक्य तिथे सगळ्यांना एकत्रच घेतो आणि गळती आटोक्यात ठेवतो. शून्य करायला जात नाही.

सुरुवात अंतरापासून. माईक तोंडापासून ३० सेंटिमीटरवर असेल आणि तो १५ वर आणला, तर गळा साधारण ६ डेसिबलने वाढतो. मग तुम्ही गेन (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) ६ डेसिबलने उतरवता, आणि त्याबरोबर पखवाज, झांज, पाऊस सगळंच ६ डेसिबलने खाली जातं. याला पैसे लागत नाहीत. ‘कंडेन्सर लांबचं ओढतो’ असं म्हणतात, पण बरेचदा फरक एवढाच असतो की डायनॅमिक माईकवर माणूस आपोआप ओठ टेकवून गातो आणि कंडेन्सरपासून लांब बसतो.

दुसरा हिशोब तिप्पट अंतराचा. माईक ज्याच्यासाठी लावला त्याच्यापासून जितका लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माईकमध्ये ठेवा. पखवाजाचा माईक कातड्यापासून २० सेंटिमीटरवर असेल तर शेजारचा माईक त्यापासून ६० सेंटिमीटर तरी लांब. तिप्पट अंतराने गळती सुमारे साडेनऊ डेसिबल खाली बसते.

तिसरी गोष्ट माईकची पाठ. एसएम५८ सारखा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, माईक सरळ मागून सगळ्यात कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइड मात्र मागून थोडं ऐकतो. त्याच्या बहिऱ्या दिशा मागे तिरक्या, पुढच्या टोकापासून साधारण १२६ अंशांवर असतात. माईक कोणाकडे वळवला यापेक्षा त्याची पाठ कोणाकडे आहे हे मी आधी बघतो.

बुवांच्या बाबतीत हे फार उपयोगी पडतं, कारण बुवा स्वतःच पेटी वाजवत गातात. गळा आणि पेटी यांच्यात जेमतेम दोन हात. स्टँड वरून वाकवून माईक खाली रोखला की तो गळ्यामागून थेट पेटीकडे बघतो आणि पेटी गळ्याइतकीच येते. मी उलट करतो. लहान बूम स्टँड बाजूने आणून माईक हनुवटीच्या खाली धरतो, तोंड वर, शेपूट खाली पेटीकडे. कार्डिऑइडची बहिरी पाठ बरोबर पेटीच्या फळीवर येते. पहिल्या दिवशी बुवांना समोर माईक दिसेना म्हणून चुकल्यासारखं झालं, पण ऐकल्यावर पेटी इतकी मागे गेली होती की तिचा वेगळा माईक पहिल्यांदाच कामाचा ठरला. तो पेटीचा माईक बाजूने, खाली, २५-३० सेंटिमीटरवर, पाठ पखवाजाकडे.

पखवाज बुवांच्या समोर तिरका बसवा. दोन माईक असतील तर कणकेच्या बाजूला एक, शाईच्या बाजूला एक. एकच असेल तर शाईच्या बाजूकडे जरा झुकलेला, वरून.

झांज खोलीत ठेवूच नका. तिचा आवाज सगळ्या माईकमध्ये सारखा शिरतो आणि नंतर निघत नाही. आमच्याकडे झांजवाला पडवीत बसतो, मधल्या खिडकीतून त्याला बुवांचा हात दिसतो, कानात हेडफोन. खिडकीला खालपर्यंत गोधडी, वर वीतभर मोकळी फट. झांज एकदम ताब्यात येते.

खोलीचं म्हणाल तर चिऱ्याच्या, गिलावा केलेल्या भिंती आवाज जसाच्या तसा परत फेकतात, आणि तो माईकच्या तोंडात समोरून येतो. मग माईकची पाठ कुठेही असो. माळ्यावरच्या गाद्या उतरवून भिंतीला उभ्या करा, विशेषतः बुवांच्या पाठीमागे, कारण माईक त्याच बाजूला बघत असतो. खाली चटईपेक्षा सतरंजी किंवा घोंगडी बरी. गोधडी भिंतीला चिकटवून न लावता वीतभर पुढे दोरीवर टांगली तर जास्त काम करते. पखवाजाची घुम मात्र गोधडीला ऐकत नाही. तिला अंतरच लागतं. पत्र्याच्या शेडखाली पावसात रेकॉर्डिंग ठरवू नका. कौलं थोडी तरी दयाळू असतात.

टेकच्या आधी प्रत्येकाला एकट्याने वाजवायला लावा आणि बाकीच्या सगळ्या माईकची पातळी लिहून ठेवा. पखवाज वाजताना त्याचा माईक −१२ डेसिबलला पोचत असेल आणि गळ्याचा −२८ दाखवत असेल, तर १६ डेसिबलचा फरक आहे. त्यावर मी काम करतो. फरक १० च्या आत असेल तर बसायच्या जागा बदलतो.

रेकॉर्ड होऊन गेलंय आणि पुन्हा घेता येत नाही

मग आधी हाताने कापा. गळ्याच्या ट्रॅकवर जिथे बुवा गात नाहीत तिथले तुकडे काढा, आणि प्रत्येक कापाला १०-२० मिलिसेकंदांचं फेड द्या. एका अभंगाला वीसेक मिनिटं लागतात, पण श्वास कुठे ठेवायचा हे तुमच्या हातात राहतं. मी श्वास ठेवतो.

गेट लावायचाच असेल तर आकडे बघून लावा. गळती −३८ पर्यंत जाते आणि बुवांचं सगळ्यात हळू अक्षर −२६ ला आहे, असं समजा. थ्रेशोल्ड (ज्याखाली गेट मिटतो ती पातळी) −३२ ठेवा. अटॅक (उघडायचा वेळ) ५ मिलिसेकंद, होल्ड (उघडा राहायचा) १५०, रिलीज (मिटायचा) २०० च्या आसपास. आणि गेट पूर्ण बंद होऊ देऊ नका. फक्त १०-१२ डेसिबल खाली जाऊ द्या. पूर्ण बंद होणाऱ्या गेटमुळे मागची खोली येते-जाते, आणि ते गळतीपेक्षा जास्त खुपतं. त्या रात्री माझ्याकडून अक्षरं खाल्ली गेली ती थ्रेशोल्ड वर आणि रिलीज आखूड ठेवल्यामुळे.

इक्वलायझरने थोडी मदत होते. गळ्याच्या ट्रॅकवर ९०-१०० हर्ट्झच्या खालचं कापलं की पखवाजाची घुम कमी होते. झांजेच्या ट्रॅकवर ५०० हर्ट्झच्या खालचं काहीच लागत नाही.

हेडफोनची गळती असेल आणि बुवा अजून तिथेच बसलेले असतील, तर एक फार चांगली युक्ती आहे. माईक, हेडफोन, गेन, आवाज काहीही न हलवता तेच गाणं पुन्हा वाजवा आणि बुवांना गप्प बसवून दुसरा ट्रॅक रेकॉर्ड करा. त्यात फक्त गळती येते. या ट्रॅकवर ‘इन्व्हर्ट’ (आवाजाची लहर उलटी करणारा इफेक्ट) लावा आणि दोन्ही एकत्र वाजवा. दोन्हींतली सारखी गळती एकमेकींना छेदते. ट्रॅक सँपलपर्यंत (डिजिटल आवाजाच्या सगळ्यात बारीक तुकड्यापर्यंत) जुळलेले हवेत, मान फार हललेली नको, आणि पाऊस नको. दोन वेळचा पाऊस वेगळा असतो, तो वजा होत नाही, उलट बेरजेने वाढतो.

एकत्र घेतलेल्या भजनात कधी पेटी डब्यात वाजल्यासारखी पोकळ येते. ती गळ्याच्या माईकमध्ये उशिरा पोचलेली असते. आपल्याकडच्या ३० अंशांच्या उकाड्यात आवाजाला एक मीटर जायला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये १३८ सँपल. आधी एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटून (तोच ‘इन्व्हर्ट’) ऐका. जास्त भरदार वाटतं ते ठेवा. तेवढ्याने भागलं नाही तर पेटीचा ट्रॅक थोडा थोडा पुढे-मागे सरकवत ऐका.

डेमक्ससारखी आवाज वेगळे करणारी मोफत साधनं आता आहेत. ती गाण्याचे गळा, ड्रम, बेस आणि बाकीचं असे चार भाग करतात. पखवाज काढायला मी ती वापरली आहेत आणि निकाल बरा येतो. पेटीच्या बाबतीत मात्र जपून: ती गळ्याच्या सुराला धरूनच चालते, त्यामुळे तिचे तुकडे गळ्यात राहतात आणि गळ्याचे तुकडे ती घेऊन जाते.

शेवटची एक गोष्ट टेक संपल्याबरोबर करायची, कोणी उठायच्या आत. सगळ्यांनी तीस सेकंद गप्प बसायचं आणि सगळे माईक चालू ठेवायचे. रातकिडे, पन्हळीतून ठिबकणारं पाणी, इन्व्हर्टरची घूं, जे असेल ते येऊ द्या. हाताने कापलेल्या जागा नुसत्या ठेवल्या तर दोन ओळींच्या मध्ये घरच नाहीसं होतं. तिथे हा तुकडा भरायचा. माझ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ‘खोली’ नावाचा ट्रॅक असतो तो हाच, आणि आता बुवाच टेक संपला की हात वर करून सगळ्यांना गप्प करतात.